मामाच्या वळणावर

गेल्या महिन्यात एका साध्या बुधवारी संध्याकाळी मी सोलापुरात सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेले होते. सणवार नव्हता, गर्दी नव्हती. तळ्यावरून येणारा वारा ओलसर होता आणि दिवसभर तापलेल्या दगडांची ऊब अजून तळपायांना जाणवत होती. दर्शन झाल्यावर क्षणभर टेकायचे, हा आईने लावलेला नेम मी आजवर मोडलेला नाही. म्हणून एका खांबाशी बसले. शेजारी साठीच्या आसपासची एक बाई बसली होती आणि तिच्या पुढ्यात चार-साडेचार वर्षांचा एक मुलगा खोबऱ्याचा तुकडा चघळत प्लास्टिकची लाल मोटार फरशीवरून पळवत होता. मोटार घरंगळत दूर गेली. ती आणायला मुलगा उठला, आणि माझे लक्ष त्याच्या उठण्यावर खिळले. तो सरळ उठलाच नाही. आधी पालथा झाला, मग दोन्ही तळहात फरशीवर टेकवून त्याने कंबर वर उचलली, हात सरकवत पायांजवळ आणले, एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसरा मांडीवर, आणि जणू स्वतःच्याच अंगाची शिडी करून तो तिच्यावरून चढत उभा राहिला. उभा राहिल्यावर त्याचे पोट पुढे आले, पाठीला बाक पडला आणि तो चवड्यांवर डुलत डुलत मोटारीकडे निघाला. आजी माझ्याकडे वळून हसली. देवळात अनोळखी माणसाशीही असे हसता येते. "बघा की, कसं उठतंय म्हाताऱ्यावाणी," ती म्हणाली, "मामाच्या वळणावर गेलंय."

मला हसता आले नाही.

असे उठणारे मूल मी पूर्वी एकदा पाहिले होते, आणि तेव्हा मी पोटभर हसले होते. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्लीत, मी 28 वर्षे बालवाडी चालवली. वर्गाच्या भिंतीपलीकडे मागांची खटखट दिवसभर चालू असे. तिची इतकी सवय झालेली की वीज गेली आणि माग थांबले म्हणजे मुले दचकून वर पाहत. घरोघरी आया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. मुलांच्या कपड्यांना, केसांना तंबाखूचा उग्र वास येई आणि मी त्यांना जवळ घेतले की तो माझ्या पदरालाही लागे. वर्गात मराठीपेक्षा तेलुगू अधिक ऐकू यायची, थोडी कानडी, थोडी दखनी. त्या वर्गात 2008 साली एक मुलगा आला. साडेतीन वर्षांचा, गोरा, टपोऱ्या डोळ्यांचा, हसरा. प्रार्थनेसाठी सगळी मुले टुणकन उठत, आणि हा सर्वांच्या शेवटी, फरशीवर हात टेकून, गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश उभा राही. मुलांनी त्याचे नाव 'ताता' ठेवले. तेलुगूत ताता म्हणजे आजोबा. तो पूर्ण उभा राहिला की सारा वर्ग ओरडे, "ताता लेचाडू!" आजोबा उठले! मीसुद्धा टाळ्या वाजवत असे. त्याला हुरूप यावा म्हणून, अशी समजूत मी पुढे स्वतःची घातली; खरे म्हणजे मला ते गोड वाटत होते.

ताताच्या पोटऱ्या टणक आणि भरीव होत्या. त्याचे वडील मागावर काम करत आणि सुट्टीच्या दिवशी तालमीत जात. मुलाच्या पोटऱ्या ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत आणि पोरगा पहिलवान होणार म्हणत. त्या पोटऱ्यांचा हा पहिलवान शर्यतीत मात्र दहा पावलांत पडे. बालवाडीच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर तो दोन्ही पाय टेकवी, एक हात मांडीवर रेटून. वर्ष संपताना मी प्रत्येक मुलाच्या वहीत चार ओळी लिहीत असे. ताताच्या वहीत मी लिहिले होते, 'गाणी छान म्हणतो. चित्रे रंगवतो. मैदानी खेळांत रस नाही, थोडा आळशी आहे.' हे मला शब्दशः आठवते, कारण ती वही मला पुन्हा पाहावी लागली.

2012 च्या उन्हाळ्यात ताताची आई एका दुपारी माझ्या घरी आली. हातात दवाखान्याची जाड फाईल होती, आणि का कोण जाणे, बालवाडीची ती वहीही तिने जपून आणली होती. ताता सात वर्षांचा झाला होता, शाळेच्या जिन्यावरून पडून हात मोडला होता, आणि हाताला प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी तो जमिनीवरून उठताना पाहिला. हात मोडलेला असल्याने त्याला उठताच येईना. आपल्या पायांपेक्षा हातांच्या बळावर हे पोर उभे राहते, हे तेव्हा प्रथम कोणाच्या तरी ध्यानात आले. डॉक्टरांनी हाताबद्दल फारसे न बोलता रक्ताची तपासणी लिहून दिली. सी. पी. के. नावाचा स्नायूंमधला एक घटक रक्तात किती उतरला आहे, ते त्या तपासणीत कळते. तो शंभर-दोनशेच्या आत असावा लागतो. ताताचा आकडा हजारांच्या घरात होता. पुढे जनुकाची तपासणी झाली आणि आजाराला नाव मिळाले, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. आईने ते नाव एका श्वासात, न अडखळता, पाठ केल्यासारखे म्हटले. मग वही उघडून माझ्या अक्षरावर बोट ठेवून विचारले, "बाई, तुम्हाला काहीच वेगळं दिसलं नव्हतं का ओ?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

त्यानंतर मी वाचले. समजेल तेवढे, मिळेल तिथून वाचले, आणि ओळखीच्या एका बालरोगतज्ज्ञांना भंडावून सोडले. जमिनीवरून स्वतःच्याच अंगावर हात रोवत उठण्याची ती तऱ्हा विल्यम गॉवर्स नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी 1879 सालीच वर्णिली होती, आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कंबरेचे आणि मांड्यांचे स्नायू दुबळे झाले की मूल हातांची मदत घेते, इतका साधा त्याचा अर्थ. ज्या भरीव पोटऱ्यांचे कौतुक होत होते त्यांत स्नायूंची जागा हळूहळू चरबी आणि तंतू घेत होते. चवड्यांवर चालणे, वारंवार पडणे, बदकासारखी डुलणारी चाल, पायऱ्यांची भीती, हे सगळे माझ्या वर्गात, माझ्या डोळ्यांसमोर, रोज सकाळी साडेनऊ वाजता घडत होते. स्नायूंच्या पेशींना सांधून धरणारे डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन शरीराला बनवता येत नाही, म्हणून हे होते. ते प्रथिन 1987 साली शोधले गेले. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, म्हणून आजार जवळजवळ नेहमी मुलग्यांना होतो. आई बहुधा स्वतः धडधाकट असते, पण दोष तिच्याकडून येऊ शकतो. प्रत्येक वेळी येतोच असे नाही. सुमारे एकतृतीयांश मुलांत तो नव्यानेच उद्भवलेला असतो. ताताच्या आईकडून तो आला होता.

मी त्या डॉक्टरांना विचारले होते, की तीन वर्षे आधी कळले असते तर काय झाले असते? बरा होणारा आजार असता तर माझा अपराध मोठा, न बरा होणारा असेल तर माझी सुटका, असा काहीसा स्वार्थी हिशोब त्या प्रश्नामागे होता, हे मी आता कबूल करते. त्यांनी मला सुटका दिली नाही. आजार मुळापासून बरा होत नाही, हे खरेच. पण स्टिरॉइड औषधे वेळेवर सुरू झाली तर चालणे काही वर्षे लांबते, पाठीच्या कण्याचा बाक कमी राहतो. घोट्यांचे व्यायाम आणि रात्रीच्या पट्ट्यांनी पाय आखडणे पुढे ढकलता येते. हृदयावर आणि श्वासावर आधीपासून लक्ष ठेवता येते. चालणाऱ्या मुलासाठी दोन-तीन वर्षे म्हणजे किती, ते आपण मोठ्यांनी ठरवू नये. आणि मग ते म्हणाले, की त्या आईला दुसरे मूल आहे ना? ते कधी झाले?

ताता बालवाडीत असतानाच झाले होते. मी तिच्या ओटीभरणाला गेले होते. मुलगा झाला. दोष वाहणाऱ्या आईच्या प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता निम्मी असते. तो धाकटा मुलगा निरोगी निघाला. त्याच्या तपासणीचा कागद येईपर्यंतचे आठ दिवस ताताच्या आईने विडीचे पान हातात धरले नाही. पण ते नाणे उडवले गेले तेव्हा तिला ठाऊकच नव्हते की नाणे हवेत आहे. ते तिला सांगण्याची संधी ज्या माणसाला होती, ते माणूस वर्गात टाळ्या वाजवत होते.

चालण्यातली व्यंगे आमच्या घराला नवीन नव्हती, म्हणून माझे हे न दिसणे मला अधिक बोचते. माझी थोरली बहीण पायाळू. आमच्या गल्लीत कोणाच्या पाठीत किंवा कंबरेत उसण भरली की ते आमच्या दारी येत, पालथे पडत आणि ताईने हलकेच लाथ मारली की बरे वाटल्याचे सांगून, तिच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवून जात. पायाळू माणसाच्या लाथेने उसण जाते, ही समज सोलापुरातच काय, महाराष्ट्रभर आहे. दुसऱ्यांच्या कंबरा सरळ करणारी आमची ताई स्वतः मात्र एका कुशीवर झुकून, लचकत चालत असे. तिला दुखत नसे. म्हणून कोणी काही केले नाही. ती दीड वर्षाची होऊन चालायला लागली तेव्हाच ती चाल तशी होती, म्हणून ती तिची चाल ठरली. हाडे बसवणाऱ्या एका माणसाने तेलाने रगडून पाहिले. आजी म्हणे, लग्नात साडी थोडी खाली नेसवली की झाले.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर ताईची कंबर धरली, एक्स-रे निघाला, आणि अस्थिरोगतज्ज्ञांनी फिल्म उजेडाकडे धरून सांगितले की डाव्या खुब्याचे हाड जन्मापासूनच आपल्या खोबणीत नाही. मुलगी, पहिले मूल आणि पायाळू जन्म. जन्मजात खुबा सरकण्याची जी कारणे सांगतात, त्यांतली ही तिन्ही ताईकडे होती. ज्या पायाळूपणासाठी गल्ली तिला मान देत होती, त्याच पायाळूपणात तिचे दुखणे दडले होते, आणि आमच्यापैकी कोणीही त्या दोन गोष्टींची गाठ घातली नाही. नवजात बाळाचे गुडघे दुमडून मांड्या अलगद बाजूला फाकवल्या की अनुभवी हाताला खुबा निसटल्याचे जाणवते; मांड्यांवरच्या वळ्या सारख्या नसतात; आडवे ठेवून पाय दुमडले की एक गुडघा खाली दिसतो. सहा महिन्यांच्या आत कळले तर पाय फाकवून धरणारा पट्ट्यांचा एक पोशाख काही आठवडे घालून बहुतेक मुलांचा खुबा जागेवर बसतो. मूल चालू लागल्यावर कळले तर बहुधा भूल देऊन हाड बसवावे लागते किंवा शस्त्रक्रिया करावी लागते. ताईचा सांधा अखेर बदलावा लागला.

या संदर्भात आमच्या चालीरीतींची मला एक गंमत वाटते, थोडी कडवट. बाळाला न्हाऊ घातले, धुरी दिली, की दुपट्यात पाय सरळ करून त्याची घट्ट पुरचुंडी बांधायची, म्हणजे ते दचकत नाही आणि शांत झोपते. कोवळ्या खुब्याला पाय सरळ बांधून ठेवणे हानिकारक असते. आणि तेच बाळ मान धरू लागले की त्याला कडेवर घ्यायचे, दोन्ही पाय कंबरेच्या दोन बाजूंना फाकवून. खुब्यासाठी याहून चांगली बैठक नाही. म्हणजे एकाच घरातली एकच आजी पहिले तीन महिने जे बिघडवते, तेच पुढच्या वर्षभर सावरत असते, आणि दोन्ही वेळा तिला त्याचा पत्ता नसतो. मी ताईची नात झाली तेव्हा दुपट्यातले पाय मोकळे ठेवा म्हणून इतका आग्रह धरला, की सुईणपण करायला आलेल्या बाईशी माझे भांडण झाले.

ताताच्या नंतरच्या वर्षांत मी वर्गात एक वेगळी सवय लावून घेतली. मुले आत आली की मी त्यांच्या चपला पाहत असे. दाराशी लाकडी फळीवर तीस-पस्तीस जोड ओळीने असत, आणि चप्पल खोटे बोलत नाही. बहुतेकांच्या टाचा बाहेरच्या बाजूने झिजलेल्या. एका मुलीच्या डाव्या बुटाचे टोक मात्र पार घासून गेलेले आणि उजवा बूट नवा कोरा. ती पळताना डावा हात कोपरात दुमडून छातीशी धरी. आईला विचारले तर म्हणाली, अगदी लहानपणापासून, वर्षाची व्हायच्या आधीपासून, ती सगळे उजव्या हातानेच घेते, फार हुशार आहे. वर्षाच्या आत मूल एकाच हाताला धरून बसले तर त्यात हुशारी नसते, दुसरा हात मागे पडत असतो, हे मला तोवर वाचून कळले होते. तिच्या मेंदूच्या एका बाजूला जन्माआधीच इजा झालेली होती. सौम्य सेरेब्रल पाल्सी. व्यायामाने, पायातल्या पट्टीने तिची चाल पुष्कळ सुधारली.

असे असले तरी, प्रत्येक वाकड्या पावलात आजार शोधणारी बाई होणे मला नको होते, आणि तसे मी झालेही नाही. दोन वर्षांपर्यंत मुलांचे पाय धनुष्यासारखे बाकदार असतात, तीन-चार वर्षांचे झाले की गुडघे एकमेकांना टेकू लागतात, आणि सात वर्षांपर्यंत बहुतेकांचे आपोआप सरळ होतात. लहान मुलांचे तळवे सपाटच दिसतात. रात्री दोन्ही पाय दुखतात म्हणून रडणारे आणि सकाळी उठून अंगणभर हुंदडणारे मूल बहुधा केवळ वाढत असते. पण त्याच पावलांत कधी मुडदूसही असतो, उन्हाअभावी हाडे मऊ पडण्याचा आजार. ज्या गावाचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो त्या गावात मुलांना ऊन मिळत नाही, हे कोणाला सांगितले तर हसतील. परंतु विड्या वळणाऱ्या आईजवळ अंधाऱ्या खोलीत दिवस काढणारी मुले मी पाहिली आहेत. तीन वर्षे उलटूनही कमानीसारखेच राहिलेले पाय आणि मनगटाशी रुंद झालेली हाडे पाहिली आहेत. आईला डॉक्टरांकडे धाडले, औषध सुरू झाले, आणि मी मुलांची गाणी अंगणातल्या उन्हात घेऊ लागले. या सगळ्या दुखण्यांत हेच एक मला आपलेसे वाटले, कारण त्याच्यावर माझा थोडातरी इलाज चालत होता.

एक मुलगा पंधरा दिवस लंगडत होता. पडला असेल, असे घरचे म्हणाले. मी पाय पाहिला, कुठे सूज नाही, खरचटलेले नाही. पण तो पांढुरका दिसत होता, आवडीचा घसरगुंडीचा खेळ सोडून भिंतीशी बसत होता, आणि रात्री दुखण्याने झोपेतून उठतो असे त्याच्या आजीने सांगितले. नडगीवर आपटल्याशिवाय उमटलेले निळे डाग होते. रक्त तपासल्यावर ते रक्ताच्या कर्करोगाचे निघाले. हाडांच्या मगजात सुरू होणारा आजार कित्येकदा पायांच्या दुखण्यातूनच प्रथम बोलतो. अडीच-तीन वर्षे उपचार चालले. तो मुलगा आता अभियांत्रिकीला आहे, आणि रस्त्यात भेटला की माझ्या पाया पडतो, तेव्हा मी चटकन त्याचा दंड धरून त्याला वर उठवते. ताताच्या आईची आठवण त्या क्षणी हमखास येते, आणि तो नमस्कार मला पूर्णपणे घेता येत नाही.

माझ्या लहानपणी लंगडणारे मूल म्हणजे पोलिओ, हे ठरलेले होते. माझ्या वर्गात कॅलिपर लावलेली दोन मुले होती; त्यांच्या लोखंडी पट्ट्यांचा फरशीवरचा आवाज अजून कानांत आहे. मग आम्हीच बालवाडीच्या पायऱ्यांवर टेबल मांडून डोस पाजले, बोटांवर शाईच्या खुणा केल्या. देशातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावडा जिल्ह्यात सापडला. इथे ते सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. नंतर तीन वर्षांनी, मार्च 2014 मध्ये, पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्रही मिळाले. आजही पंधरा वर्षांखालच्या कोणाचा पाय अचानक लुळा पडला तर शौचाचे दोन नमुने तपासणीला जातात. बहुतेक वेळा ते गीयाँ-बारे नावाच्या मज्जातंतूंच्या दुखण्याचे निघते, ज्यात पायांतून वर चढत गेलेली अशक्ती श्वासापर्यंत पोहोचू शकते. सरकारी यंत्रणेने नजर ठेवली आहे. आम्हीच ती काढून घेतली, असे मला वाटते. पोलिओ गेला, आता लंगडण्याचे कारणच उरले नाही, अशा समजुतीत आम्ही सैलावलो. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा येऊ लागली, तीही बरीच मुले हेरतात. पण पथक वर्षातून दोनदा येते, आणि मूल रोज उठते.

आणि उठले नाही, तरी आपल्याजवळ त्याचे उत्तर तयार असते. उशिरा चालणारी मुले शहाणी निघतात. बाळ जड आहे. लाडावले आहे. त्याचे वडीलही दोन वर्षांनी चालले होते. मग कोणीतरी पांगुळगाडा आणते, किंवा आता चाकांचा प्लास्टिकचा वॉकर, ज्यात बसून मूल चालायला मुळीच शिकत नाही, उलट पायऱ्यांवरून कोसळते. कॅनडाने तर 2004 सालीच त्याच्या विक्रीवर बंदी घातली. अठरा महिने झाले आणि मूल आधाराशिवाय चालत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे, एवढे एकच वाक्य मी पालकसभेत दरवर्षी सांगत असे. शेजारच्या इमारतीतल्या एका मुलाच्या वेळी मात्र अठरा महिन्यांचा नव्हे, अठरा तासांचा प्रश्न होता. ताप चढला होता, पाय जमिनीला टेकवू देत नव्हता, खुब्याला हात लावला की किंचाळत होता, आणि घरात तेल गरम होत होते. सांध्यात पू झाला होता. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली म्हणून सांधा वाचला.

ताता अकरा वर्षांचा असताना चालायचा थांबला. आता तो वीस वर्षांचा आहे, चाकांच्या खुर्चीत असतो, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी मोबाईलवर लग्नाच्या निमंत्रणाचे व्हिडिओ बनवून थोडे पैसे मिळवतो. गुरुपौर्णिमेला त्याचा आवाज मला फोनवर येतो, हल्ली थोडा धापावलेला. "बाई, ताता माट्लाडुतुन्नाडू," असे तो सुरुवातीलाच म्हणतो, आजोबा बोलतायत, आणि स्वतःच हसतो. त्याच्या हसण्यात मी सामील व्हावे की नाही, हे मला आजवर उमगलेले नाही.

त्या बुधवारी हे सगळे माझ्या मनात ओळीने आले असे नाही. खांबाशी बसल्या बसल्या एकदम घशाशी आले. अनोळखी माणसाच्या नातवाबद्दल बोलणे म्हणजे दृष्ट लावण्यासारखे, हे मला कळत होते. शिवाय मी डॉक्टर नाही. वाचलेल्या चार पानांच्या जोरावर कोणाची झोप उडवण्याचा मला काय अधिकार? तरी मी विचारले. उठण्याबद्दल मात्र विचारू शकले नाही. म्हटले, "मामा काय करतात हो याचे?"

आजीचे हसणे चेहऱ्यावरच राहिले, पण मागे काही उरले नाही. तिने नातवाकडे पाहिले. तो मोटार घेऊन परतत होता, चवड्यांवर, पोट पुढे काढून. "मामा न्हाई आता," ती म्हणाली. "एकुणिसाव्या वर्षी गेला. बारा वर्षांचा होता तवापासून बसूनच." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "हा पहिल्यांदा असा उठला ना, तवाच मला कळलं. लेकीला सांगू नका, बाई. ती तवा लहान होती, तिला भाऊ बसलेलाच आठवतोय."

म्हणजे तिला माझ्या आधी कळले होते. इतकी वर्षे मी समजत होते की आपण हसतो ते न कळल्यामुळे. तिने 'वळण' हा शब्द किती वेळा, किती जणांपुढे वापरला असेल, आणि समोरचे हसल्यावर दर वेळी तिला थोडा धीर आला असेल, हे माझ्या ध्यानात येईपर्यंत तिची लेक प्रसादाची पुडी घेऊन समोर उभी राहिली होती. तिशीच्या आतली, दमलेली, कपाळावर ताजा अंगारा. आम्ही चौघे एकत्रच बाहेर निघालो. आजी माझा हात हलकेच दाबून चालत होती, सांगू नका, हे त्या दाबण्यात होते. चप्पलांपाशी आलो आणि मुलगा आपले सँडल ओढू लागला. टोकांची रबरे झिजून आतले कापड दिसत होते. टाचांवर मात्र कंपनीचे अक्षर न् अक्षर वाचता येत होते.

मी लेकीला विचारले, "जिना चढताना हा मांडीवर हात ठेवतो का?"

"ठेवतो," ती लगेच म्हणाली. इतक्या लगेच, की हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून ती कित्येक महिने थांबली असावी. "पडतो पण सारखा. मी म्हणते दाखवू या, तर आई म्हणते, मामाच्या वळणावर गेलाय, होईल नीट." मी आजीकडे पाहिले नाही. रक्ताची एक तपासणी असते, बालरोगतज्ज्ञांना भावाच्या आजाराचेही सांगा, एवढेच म्हटले. तिने मोबाईल काढला आणि तपासणीचे नाव पुन्हा विचारले. मी एकेक अक्षर सांगत गेले, सी, पी, के. ती ते टिपत होती. आजी पायरीवर बसली होती, नातवाचा पाय मांडीवर घेऊन सँडलचा पट्टा लावत. पट्टा लागला तरी तिने पाय सोडला नाही; पोटरीवरून वरून खाली हात फिरवत राहिली.